जळालेला पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) दुरुस्त करताना: आधी मोजा, मग हात लावा

टीव्ही बंद पडला होता. प्लग काढून दहा मिनिटं होऊन गेली होती, म्हणून मी निर्धास्तपणे मागचं झाकण उघडलं आणि पॉवर सप्लायचा बोर्ड उचलायला त्याच्याखाली बोटं घातली. पुढच्या क्षणी हात असा झटकला गेला की कोपर कपाटावर आपटलं आणि बोर्ड जमिनीवर पडला. तळहातापासून खांद्यापर्यंतची कळ बराच वेळ गेली नाही. नंतर मीटर लावला, तर मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) अजून दोनशेच्या वर व्होल्ट होते.

तेव्हा मला कळलं नव्हतं ते असं. चालू स्थितीतला पॉवर सप्लाय प्लग काढल्यावर स्वतःच आपला साठा वापरून टाकतो. बंद पडलेल्या सप्लायमध्ये पुढचं काहीच चालत नाही, त्यामुळे साठलेली वीज कोणी वापरत नाही आणि ती तशीच बसून राहते. म्हणजे 'मेलेला' बोर्ड चालू बोर्डापेक्षा जास्त वेळ धोकादायक असतो. आणि आपण उघडतो तो नेमका मेलेलाच. घरातल्या वस्तूंचे बोर्ड पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तुम्हाला तो झटका न खाता काम जमावं एवढीच इच्छा आहे.

१. कशाला हात लावायचा नाही ते आधी ठरवा

मायक्रोवेव्ह ओव्हन उघडू नका. त्यातल्या हाय व्होल्टेज कपॅसिटरवर २,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तिथे चुकीला दुसरी संधी मिळत नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतही तेच, तिथला आकडा २० ते ३० हजार व्होल्टपर्यंत जातो. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते. बॅटरी फुगलेली दिसली की दुरुस्तीचा विचार सोडा आणि ती वस्तू जळाऊ सामानापासून लांब ठेवा. कोणाचा श्वास किंवा उपचार ज्यावर अवलंबून आहे अशी वैद्यकीय उपकरणंही घरी उघडायची नाहीत.

वस्तू वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी कंपनीकडे द्या. सुरुवात करायची असेल तर अडॅप्टर, रिमोट, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर यांपासून करा. वॉशिंग मशीन आणि इंडक्शन शेगडी पहिल्याच महिन्यात नको.

२. जवळ काय काय हवं

- चांगला मल्टिमीटर, ज्यावर कॅट टू किंवा कॅट थ्री (सुरक्षेची श्रेणी), ६०० व्होल्ट असं छापलेलं आहे. शक्यतो कपॅसिटर मोजण्याची सोय असलेला.
- तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न. टोक मध्यम रुंदीचं, चपटं.
- रोझिन कोअर असलेली ६३/३७ सोल्डर वायर, वेगळा रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा), डिसोल्डर पंप आणि विक (जुनं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळी).
- कपॅसिटर रिकामा करायला २.२ किलोओहम, ५ ते १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर. दोन्ही टोकांना जाड इन्सुलेशनची वायर आणि प्रोब सोल्डर करून, उघडी जागा हीटश्रिंक स्लीव्हने झाकलेली.
- सिरीज बल्ब (पहिल्यांदा वीज देताना मधे जोडायचा): ६० किंवा १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब, होल्डर, सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना दात घासायचा ब्रश, भिंग, गॉगल.
- बारीक इन्सुलेटेड वायर, थोडी जाड तांब्याची वायर, इपॉक्सी.

पैसे वाचवायचे असतील तर ब्रशवर, स्टँडवर वाचवा. मल्टिमीटरवर वाचवू नका. 'इथे वीज नाही' हे तुम्हाला त्याच्याशिवाय दुसरं कोणी सांगणार नाही. दरवेळी वापरण्यापूर्वी तो एखाद्या माहीत असलेल्या बॅटरीवर लावून बघा. मीटरची वायर आतून तुटलेली असली तरी पडद्यावर शून्यच दिसतं.

प्लंबिंगचा ॲसिड फ्लक्स चुकूनही आणू नका. सोल्डर सुंदर बसतं, पण काही महिन्यांत तो तांबं खाऊन टाकतो.

३. उघडताना

बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर काढून नजरेसमोर ठेवा. अंगठी, कडं, धातूचा पट्टा काढून ठेवा. झाकण उघडलं की कशालाही स्पर्श न करता फोटो काढा: एक पूर्ण बोर्डाचा, एक प्रत्येक कनेक्टरचा. सारखे दिसणारे दोन कनेक्टर अदलाबदल करून बसवणं ही फार सामान्य चूक आहे आणि त्याने चांगला बोर्डही जातो.

४. मोठा कपॅसिटर रिकामा करा

घरातला पुरवठा २३० व्होल्टचा असेल तर तो रेक्टिफाय झाल्यावर (एसीचा डीसी झाल्यावर) मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी जमा होतात. बोर्डावरचा सगळ्यात जाड, डब्यासारखा, ज्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं, तोच हा. १०० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात पाच जूलच्या वर ऊर्जा असते. हात उडवायला ती पुरेशी आहे, आणि झटक्यापेक्षा झटक्यामुळे हात जिथे आपटतो तिथली जखम कधी कधी मोठी असते.

बोर्ड कडांना धरा. मीटर डीसी व्होल्टच्या वरच्या रेंजवर ठेवून कपॅसिटरच्या दोन पायांवर मोजा. आकडा २० च्या वर असेल तर रेझिस्टरचे प्रोब त्याच पायांवर दहा सेकंद धरा. १०० मायक्रोफॅरड आणि २.२ किलोओहमचा हिशोब केला तर एका सेकंदाच्या आसपास दाब एक टक्क्यावर येतो, म्हणजे दहा सेकंद भरपूर झाले. मग पुन्हा मोजा. पाच मिनिटांनी आणखी एकदा मोजा, कारण मोठे कपॅसिटर रिकामे केल्यावरही आतून थोडे व्होल्ट परत वर येतात.

पुष्कळ जण स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून कपॅसिटर शॉर्ट करतात. ठिणगीबरोबर वितळलेल्या धातूचे कण उडतात, ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची पट्टी) जळतो, कपॅसिटरही दुखावतो. गॉगल नसेल तर डोळा जाऊ शकतो. हे करू नका.

मोठ्या कपॅसिटरजवळच्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्टीला) पकडून बोर्ड उचलायची सवय असेल तर तीही मोडा. प्रायमरी म्हणजे घरच्या विजेकडच्या बाजूचा हीटसिंक बरेचदा थेट हाय व्होल्टेजला जोडलेला असतो.

५. बोर्ड 'लाइव्ह ग्राउंड'चा आहे का ते ओळखा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शनात नसते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त अपघात इथे होऊ शकतात. आपल्याला वाटतं, बोर्डावर ५ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर आहे, म्हणजे तो भाग निरुपद्रवी. अडॅप्टरमध्ये ते बरोबर आहे: तिथे पिवळ्या टेपचा ट्रान्सफॉर्मर मधे असतो, त्याच्याखाली बोर्डात फट कापलेली असते आणि दोन बाजूंमध्ये साधारण ६ ते ८ मिलीमीटर मोकळी जागा सोडलेली असते. एखादा चार पायांचा ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पोहोचवणारा भाग) तेवढा पुलासारखा दोन्ही बाजूंवर पाय ठेवून असतो.

पण पंख्याचा रेग्युलेटर, अनेक वॉशिंग मशीनचे बोर्ड, छोटे टायमर, सेन्सरचे दिवे यांत असा ट्रान्सफॉर्मर नसतोच. मेन्समधून (घरच्या वीजपुरवठ्यातून) एक चौकोनी डबी कपॅसिटर किंवा कॉइल घालून सरळ ५ किंवा १२ व्होल्ट काढलेले असतात. त्या ५ व्होल्टच्या दोन टोकांमध्ये फरक ५ चाच असतो, पण जमिनीच्या तुलनेत दोन्ही टोकं २३० व्होल्टवर असू शकतात. यालाच लाइव्ह ग्राउंड म्हणतात. डिस्प्लेच्या पिनला बोट लावणं म्हणजे फेजला बोट लावणं.

तपासायचं असं: प्लग बाहेर, कपॅसिटर रिकामा, वस्तूचं स्वतःचं बटण चालू. मीटर डायोड मोडवर (वाट जोडलेली असेल तर बीप किंवा आकडा देतो). एक प्रोब लो व्होल्टेजच्या ग्राउंडवर (५ किंवा १२ व्होल्टच्या ऋण टोकावर), दुसरा आळीपाळीने प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनवर. प्रोब उलटसुलट करून चारही वेळा बघा. कुठेही बीप किंवा ०.५ च्या आसपास आकडा आला तर बोर्ड लाइव्ह ग्राउंडचा आहे. काहीच आलं नाही तरी मधे एखादा रिले (विजेने चालणारा स्विच) उघडा असू शकतो, म्हणून चालू स्थितीत हात लावायचा नाही हा नियम दोन्हीकडे सारखाच. आणि लाइव्ह ग्राउंडच्या बोर्डाला कॉम्प्युटरची केबल किंवा ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप जोडू नका. कॉम्प्युटर जातो आणि माणसालाही धोका असतो.

६. आधी डोळे, नाक, मग मीटर

निम्मे दोष भिंगाखालीच सापडतात, असा माझा अनुभव आहे. घाई करू नका. बोर्ड तिरका धरून उजेड बाजूने पाडा.

रिले, ट्रान्सफॉर्मर, मोठे कनेक्टर यांचे पाय खालच्या बाजूने बघा. पायाभोवती केसाएवढी बारीक काळी गोल रेघ दिसली तर ते ड्राय सोल्डर. वस्तू तापते, गार होते, थरथरते, आणि काही वर्षांत सोल्डरला पायाभोवती तडा जातो. 'कधी चालते, कधी नाही, एक थाप मारली की चालते' या तक्रारीमागे बरेचदा हीच रेघ असते. बोर्डावर एक थेंब फ्लक्स, जुनं सोल्डर ओढून काढून नवं भरणं, एवढ्यावर ती वस्तू पुन्हा चालू लागते.

कपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा त्याच्या बुडाशी तपकिरी डाग आहे का बघा. हिरवी-पांढरी बुरशीसारखी पावडर म्हणजे पाणी किंवा घाम आत गेल्याची खूण. मुंग्या, झुरळं यांचे अवशेष उच्च दाबाच्या दोन पायांमध्ये असतील तर शॉर्टचं कारण तेच असू शकतं. जळकट वास कुठे जास्त येतोय तेही बघा, पण नाक बोर्डाला न टेकवता.

७. फ्यूज उडाला तर लगेच नवा घालू नका

काचेचा फ्यूज बरंच सांगतो. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली असेल तर जादा भार थोडाच होता किंवा फ्यूज थकला होता. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे थेट शॉर्ट आहे. सिरॅमिकचा फ्यूज दिसण्यावरून कळत नाही, बीप मोडवर बघा.

मी एका सेट टॉप बॉक्सच्या सप्लायमध्ये लागोपाठ दोन फ्यूज घातले आणि दोन्ही उडाले. दुसऱ्या वेळी मुख्य एमसीबीही पडला. कारण त्याच्या शेजारीच होतं: मेन्सच्या दोन तारांमध्ये लावलेली निळी गोल चकती, म्हणजे एमओव्ही. वीज वरखाली झाली की ती स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं वाचवते. कडेला एक बारीक चीर होती, ती मी बघितलीच नव्हती. फ्यूज हा जवळजवळ नेहमी परिणाम असतो. कारण सापडेपर्यंत फ्यूजची जागा मोकळीच राहू द्या.

फ्यूजनंतर क्रमाने बघत जा. एमओव्ही बीप देतो का? ब्रिज रेक्टिफायरचे चार डायोड: प्रत्येक एका दिशेने ०.५ ते ०.७ आणि उलट दिशेने काही नाही असा हवा. दोन्हीकडे शून्य म्हणजे शॉर्ट. मग मॉसफेट (सप्लायचा मुख्य इलेक्ट्रॉनिक स्विच): ड्रेन आणि सोर्स या त्याच्या पायांमध्ये बीप आला तर तो गेला. मॉसफेट बहुतेकदा एकटा जात नाही. त्याच्या सोर्सखालचा एक ओहमपेक्षा कमी किमतीचा जाडसर रेझिस्टर बरेचदा उघडा पडलेला असतो, आणि त्याला चालवणारी आयसीही जाते. नुसता मॉसफेट बदलून वीज दिली की नवा मॉसफेटही क्षणात उडतो.

बोर्डावर असतानाचं माप फसवं असतं, शेजारचे भाग त्यात मिसळतात. शंका आली की त्या भागाचा एक पाय सोल्डरमधून सोडवून पुन्हा मोजा.

एक दोष खास सांगण्यासारखा. लाइव्ह ग्राउंडच्या बोर्डावर डिस्प्ले मंद दिसतोय, रिले नुसता टकटक करतोय, जळलेलं काहीच दिसत नाही. तिथली चौकोनी डबी काढून मोजा. तिच्यावर ४७४ लिहिलेलं असेल तर ती ०.४७ मायक्रोफॅरडची हवी. मीटर ०.२ दाखवत असेल तर दोषी तीच. अशा कपॅसिटरची क्षमता वर्षानुवर्षं झिजत जाते आणि बाहेरून तो नव्यासारखा दिसतो. बदलताना एक्स टू छापलेलाच घ्यायचा. तेवढ्याच किमतीचा साधा कपॅसिटर मेन्सवर लावला तर तो शॉर्ट होऊन पेटू शकतो.

८. भाग काढणं आणि बसवणं

खिडकी उघडी हवी, शक्य असल्यास धूर बाजूला ओढणारा छोटा पंखा. रोझिनच्या धुराने दमा बळावतो. शिशाचं सोल्डर हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नका.

६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, कारखान्यातलं शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांच्या पुढे. म्हणून नव्या बोर्डावर सोल्डर हटत नाही तेव्हा तापमान वाढवत बसू नका. त्या जागी आपलं थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स घाला, मिश्रण कमी तापमानाला वितळतं, मग पंपाने ओढा. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर, एका पायाला दोन-तीन सेकंद. तेवढ्यात झालं नाही तर थांबा, गार होऊ द्या, पुन्हा करा. तपकिरी, कागदी जातीच्या स्वस्त बोर्डावर ट्रॅक अगदी सहज उचलला जातो. साध्या बोर्डावरचं तांबं ३५ मायक्रॉन जाड असतं. पाय ओढून काढला की ते सोबत येतं.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची पट्टी म्हणजे ऋण बाजू. उलटा बसला तर फुटतो. किंमत तीच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, आणि १०५ अंशांचा, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला). फ्यूज त्याच ॲम्पिअरचा आणि त्याच जातीचा: टी म्हणजे सावकाश, एफ म्हणजे झटपट उडणारा. तार किंवा चांदी कागद घालून फ्यूज जोडणारा माणूस घराला आग लावायची तयारी करतोय, हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय.

हीटसिंकवरच्या भागाखाली अभ्रक किंवा रबरी पॅड असेल तर तो परत बसवा आणि मग भाग व हीटसिंक यांच्यात बीप येत नाही ना बघा.

९. काळं झालेलं खरवडून काढा

जळलेल्या जागेवर नवा भाग लावून मोकळं व्हावंसं वाटतं. पण बोर्डाचा काळा झालेला भाग म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. वरून स्वच्छ दिसणाऱ्या काळसर डागातून मेन्सचा दाब हळूहळू वाट काढतो, जागा तापते, आणखी काळी होते, आणि काही आठवड्यांनी ठिणगी पडते.

ब्लेडच्या टोकाने काळं पूर्ण निघेपर्यंत, खालचा फिका थर दिसेपर्यंत खरवडा. भोक पडलं तरी चालेल. धूळ अल्कोहोलने धुऊन काढा, पूर्ण वाळू द्या, आणि खड्डा इपॉक्सीने भरा.

तुटलेला ट्रॅक जोडताना दोन्ही टोकांवरचा रंगाचा थर सेंटिमीटरभर खरवडून तांबं उघडं करा, त्यावर सोल्डरचा पातळ थर द्या आणि वायर आडवी टाका. सिग्नलच्या ट्रॅकला बारीक इन्सुलेटेड वायर पुरते. मोटर किंवा हीटरचा प्रवाह वाहणाऱ्या रुंद ट्रॅकला जाड तांब्याची वायर पूर्ण लांबीवर सोल्डर करा. वायर इपॉक्सीच्या थेंबाने पक्की करा. प्रायमरी आणि सेकंडरी (कमी व्होल्टची बाजू) यांच्यामधल्या त्या मोकळ्या पट्ट्यावरून कोणतीही वायर नेऊ नका, कितीही जवळचा रस्ता वाटला तरी. ती जागा वापरणाऱ्याच्या जिवासाठी सोडलेली आहे.

बोर्ड जिथे आरपार कोळसा झालाय, किंवा पारदर्शक जेलमध्ये बुडवलेला बोर्ड आतून जळलाय, तिथे नवा बोर्ड घ्या. त्यावर घालवलेला वेळ परत मिळत नाही.

१०. पहिली वीज सिरीज बल्बमधून

फेजच्या वायरमध्ये बल्ब मालिकेत येईल अशी जोडणी करा. मोटर आणि हीटर काढून फक्त बोर्ड जोडा, नाहीतर बल्ब त्यांच्यामुळेच पेटेल. गॉगल घाला, मीटरचे प्रोब वीज देण्याआधीच क्लिपने लावून ठेवा, हात मागे घ्या, मग बटण दाबा.

बल्ब क्षणभर चमकून मंद झाला किंवा विझला तर कपॅसिटर भरला आणि शॉर्ट नाही. बल्ब पूर्ण उजेडाने पेटतच राहिला तर शॉर्ट अजून आहे. बल्बने तुमचा नवा मॉसफेट वाचवला. पुन्हा सातव्या पायरीवर जा. बल्ब झटक्यापासून मात्र वाचवत नाही, बोर्डावर मेन्स पूर्णपणे हजर असतो. घरात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) असला तरी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडले, किंवा भरलेल्या कपॅसिटरला हात लागला, तर तो पडेलच असं नाही.

मोजण्याची जागा बदलायची असेल तर वीज बंद, प्लग बाहेर, कपॅसिटर मोजा, क्लिप हलवा, पुन्हा चालू. कंटाळवाणं आहे, पण एकदाही गाळू नका.

११. परत बंद करताना

प्लास्टिकचे पडदे, थर्मल पॅड, वायर बांधायच्या पट्ट्या सगळं फोटोप्रमाणे जागेवर. धातूची बॉडी असलेल्या वस्तूत अर्थची हिरवी वायर सगळ्यात आधी लावा, आणि झाकण बसवल्यावर प्लगच्या अर्थ पिनपासून बॉडीच्या उघड्या धातूपर्यंत मोजा: एक ओहमच्या खाली यायला हवं. फेज किंवा न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत मात्र काहीच येता कामा नये.

पहिला तासभर वस्तू पूर्ण भारावर चालवा आणि समोर बसा. वास, गुणगुण, झाकणाचा एखादाच भाग जास्त गरम, यांपैकी काही जाणवलं तर लगेच प्लग काढा. आठवड्याभराने पुन्हा उघडा, कपॅसिटर पुन्हा मोजा, आणि जिथे तुम्ही सोल्डर केलंय त्या जागेचा रंग बदललाय का तेवढं बघून झाकण कायमचं लावा.